मॅगझीनला करडईचं तेल

ठाण्याचं नाव सांगत नाही. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीकडं तोंड करून ते बसलंय, एवढं पुरे. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत, आणि पोलिसाची नोकरी म्हणजे काचेचं भांडं. उगं आपला धक्का लागायला नको.

तर त्या ठाण्यात हत्यारांची एक खोली आहे. खोली कसली, कोंबड्यांचं खुराडं म्हणा. पण दार लोखंडी, कुलूप तळहाताएवढं, आणि त्याची चावी हवालदार महामाया वाघमारेच्या कमरेला. ही चावी तिला कुणी ओवाळून दिली नव्हती. ठाण्यात बाई आली की तिला महिलांच्या तक्रारी लिहायला बसवायचं, जत्रेत बायकांच्या रांगेला उभं करायचं, आणि साहेबांच्या घरी पाहुणे आले की त्यांच्या सोबत बाजारात धाडायचं, अशी तिथली रीत. महामायानं हत्यारांचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षेत पहिली आली, तीन वेळा अर्ज केला, तेव्हा कुठं ही चावी मिळाली.

तिच्याआधी सतरा वर्षं चावी होती वैजनाथ जमादारांकडं. त्यांची पद्धत सोपी. सगळी मॅगझिनं तेलात भिजलेल्या पोत्यात गुंडाळायची, पोतं पत्र्याच्या डब्यात कोंबायचं आणि डब्यावर बसून तंबाखू मळायची.

मॅगझीन म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची चपटी लोखंडी डबी. तिच्यात गोळ्या एकीवर एक बसतात आणि खालची स्प्रिंग त्यांना वर ढकलते. पिस्तूल कितीही झोकात असू द्या, ही डबी रुसली की पिस्तूल म्हणजे नुसता खलबत्त्यातला बत्ता. कुणाच्या टाळक्यात घालायला बरा, बाकी काही नाही.

महामायानं पहिल्या आठवड्यात ते पोतं जाळलं. बारा पिस्तुलं, चोवीस मॅगझिनं. प्रत्येकाच्या बुडाला पांढऱ्या रंगानं नंबर घातला. जुन्या बाकाच्या फळ्या सुताराकडून कापून घेतल्या आणि खणाखणांची मांडणी केली, एका खणात एक मॅगझीन, उभं. ओल धरू नये म्हणून प्रत्येक खणात खडूचा तुकडा ठेवला. दर गुरुवारी गोळ्या काढायच्या, बूड उघडायचं, स्प्रिंग बाहेर ओढायची आणि आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्यांनी आतून कोरडं पुसायचं. आत तेल नाही म्हणजे नाही. तेलाला धूळ चिकटते, तेल झिरपून गोळ्यांना लागलं तर गोळी फुसकी निघते. बाहेरून मात्र चिंधीला एक थेंब, गंज चढू नये म्हणून. मग वरच्या तोंडाचे ओठ अंगठ्यानं चाचपायचे, कुठं वाकलेत का.

सात नंबरचं मॅगझीन दर वेळी तिसऱ्या गोळीला अडायचं. दोन वाजल्या की बसलं फतकल मारून. त्याला ती 'जमादार' म्हणायची. पुढं तिनं ते 'बाद' लिहून लातूरला पाठवलं, नवं मागवलं, आणि वैजनाथ जमादारांना कुणीतरी ते नाव सांगितलं. तिथून दोघांचं बिनसलं.

त्यातच नवे साहेब आले. पोलीस निरीक्षक गुरुपादप्पा. उदगीरकडचे, घरी अठरा एकर करडई आणि स्वतःचा लाकडी घाणा. माणूस वाईट नव्हता. दिलदार, खाऊ घालणारा, शिपायाच्या पोराचं बारसं असलं तरी जाणारा. फक्त करडईच्या तेलाचा विषय निघाला की त्यांची अक्कल घसरायची. भाकरीवर करडईचं तेल, गुडघ्याला करडईचं तेल, नाकात दोन थेंब करडईचं तेल, मिशांना तर विचारूच नका. मिशा उन्हात अशा चमकायच्या की पुढच्या माणसाला डोळे बारीक करावे लागायचे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घाण्यावरचा नवा डबा आला. पंधरा किलोचा. आणि नेमकं त्याच आठवड्यात हत्यारांचं सरकारी तेल संपलं. जमादारांनी संधी साधली. सकाळच्या चहाला साहेबांच्या टेबलाशी उभं राहून ते म्हणाले, "साहेब, मॅगझिनं पार ठणठणीत कोरडी पडून राहिलीत. सरकारी तेल कवा येतंय कुणाला ठाव. आपल्या घाण्याचं तेल लावलं तर? त्याच्यावानी शुद्ध काय हाय का दुनियेत?"

साहेबांचा चेहरा फुलला. "येनू मात, जमादार! काय बोललात! वाघमारेला बोलवा."

महामाया आली. हुकूम ऐकला.

करडईचं तेल काय चीज आहे हे त्या मुलखातल्या कुठल्याही बाईला विचारा. खायला अमृत. पण डब्याच्या तोंडाशी ओघळ आला आणि आठ-पंधरा दिवस तसाच सुकला, की त्याचा डिंक होतो, डिंक. राखेनं घासा, नखानं खरवडा, हलत नाही. महामायाच्या आईचा, चांगुणाबाईचा निम्मा जन्म तेलाच्या बरण्या घासण्यात गेला. साहेबांनी आयुष्यभर करडईचं तेल खाल्लं खरं, पण तेलाचा डबा एकदाही घासला नव्हता. जमादारांनीही नाही. पुरुषाच्या जातीला हे कळावं कुठून?

"साहेब, ते तेल सुकलं की चिकटतंय," ती म्हणाली. "आतली स्प्रिंग अडकून बसंल."

"माझं तेल चिकटतंय?" साहेबांनी मिशीला हात लावला. "वाघमारे, आमच्या अज्जानं नव्वद वर्षं हे तेल खाल्लं. काय चिकटलं त्यांचं?"

"खाल्लं साहेब, पण..."

"तुम्हाला जमत नसंल तर चावी जमादारांकडं द्या. ते लावतील."

जमादारांनी खाली बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. महामायाच्या लक्षात सगळं आलं. हा तेलाचा मामला नव्हताच, हा चावीचा मामला होता. नाही म्हणावं तर चावी आत्ता जाते. हो म्हणावं तर पंधरा-वीस दिवसांत चोवीस मॅगझिनं अडकतात, रजिस्टरला सही तिची, आणि चावी तेव्हा जाते. आणि तेवढ्यात रात्रपाळीच्या एखाद्या पोराला खरंच पिस्तूल काढावं लागलं तर? तिच्या डोळ्यांपुढं सुगतचा हात आला. सुगत तिचा धाकटा भाऊ. त्याची गोष्ट पुढं येईल.

तिनं क्षणभर विचार केला आणि तोंडावर साखर पसरली.

"साहेब, माझंच चुकलं. पण एक विचारू का? तेल एवढं गुणाचं हाय, तर नुसत्या मॅगझीनलाच का? कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, कुलपं, यांनी काय पाप केलंय? सगळं ठाणंच कसं लोण्यावानी चालंल."

साहेब खुर्चीत पुढं सरकले. "हे बघा जमादार! याला म्हणतात डोकं!"

"आणि साहेब, तेवढं लेखी द्या. फायलीला राहील. पुढच्या साहेबांना बी कळंल, ही सुधारणा कुणी केली ते."

लेखी हुकूम म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. लगेच कागद ओढला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: ठाण्यातील कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, कुलपे, खणांच्या पट्ट्या, खुर्च्यांचे मळसूत्र, मॅगझिने इत्यादी सर्व सरकत्या व फिरत्या वस्तूंना शुद्ध करडईचे तेल क्रमाने व काळजीपूर्वक लावण्यात यावे. खाली सही. सहीखाली दोन रेघा.

क्रमाने! महामायानं कागद कपाळाला लावला आणि बाहेर येऊन पदर नसतानाही तोंडावर हात धरून हसली.

दुसऱ्या दिवसापासून ती वाटीत तेल आणि हातात कोंबडीचं पीस घेऊन कामाला लागली. पहिल्यांदा कड्या. साहेबांच्या केबिनपासून सुरुवात, मान मोठ्याचा. केबिनच्या दाराची कडी, खिडकीची कडी, केबिनला लागून असलेल्या संडासाची कडी. मग कोयंडे. मग बिजागऱ्या. एका दिवसात एक खोली, त्याहून जास्त नाही, कारण हुकमात 'काळजीपूर्वक' लिहिलं होतं.

"झालं का, वाघमारे?" साहेब विचारायचे.

"चालू हाय, साहेब. क्रमानं. बिजागऱ्या उरकल्या, आज कुलपं."

"शाब्बास!"

लातूर जिल्ह्यातला एप्रिल तुम्हाला माहीतच असेल. बेचाळीस डिग्री आणि वरून रस्त्याची धूळ. दहा-बारा दिवसांत करामत दिसू लागली. फाटकाची कडी दोघांनी ओढावी लागायला लागली. साहेबांच्या टेबलाचा खण उघडताना सुर्र आवाज न करता चर्र करून थांबायचा, मग साहेब दोन्ही पाय टेबलाला लावून खण ओढायचे आणि खणासकट मागं जायचे. त्यांची फिरती खुर्ची तर एक दिवस खिडकीकडं तोंड करून जी थांबली, ती थांबलीच. दोन दिवस साहेब फिर्यादींशी मान वळवून बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी टेबलच फिरवून घेतलं.

"उन्हानं लोखंड फुगतंय," साहेब म्हणाले.

"फुगतंय, साहेब," जमादार म्हणाले. खरं कोण सांगणार? मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची?

महामाया रोज वाट बघायची, की आज साहेबांची ट्यूब पेटंल. कुठलं काय! उलट जमादार एके संध्याकाळी हत्यारखोलीत डोकावले आणि थेट साहेबांकडं गेले. "साहेब, बाकी समदं झालं, पण मॅगझिनं अजून कोरडीच हायत. बाई खेळवून राहिली तुम्हाला."

साहेब चिडले. त्यांनी तिला बोलावलं नाही, स्वतः हत्यारखोलीच्या दाराशी आले. "सोमवारी वार्षिक तपासणी हाय. उपअधीक्षक मॅडम येणार. सोमवारी सकाळी साडेआठला चोवीसच्या चोवीस मॅगझिनं तेलात दिसली पाहिजेत. न्हाईतर चावी टेबलावर. समजलं?"

"समजलं, साहेब."

रविवारी ती घरी गप्प गप्प होती. चांगुणाबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा विचारलं, "काय झालं गं? तोंड का पाडून बसलीस?"

तिनं सगळं सांगितलं. म्हातारी हसता हसता सुपासकट हलली. मग थांबून म्हणाली, "आणि आता?"

"आता काय. तेल लावलं तर चावी ऱ्हाती."

"मग लाव."

महामायानं आईकडं बघितलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, ती पोरीला जोखत होती.

"न्हाई लावणार," महामाया म्हणाली. "आई, लई जीव हाय माझा त्या चावीत. पण सुगतचा हात आठवला की माझा हात त्या वाटीकडं जातच न्हाई."

चांगुणाबाई पुन्हा ज्वारी निवडायला लागल्या. "मग झालं की," त्या म्हणाल्या. "जेवून घे."

सोमवारी साडेआठला महामाया साहेबांच्या टेबलापुढं उभी राहिली. साहेब कडक इस्त्रीत होते, पण सकाळपासून पोटानं बंड केलं होतं. तपासणी म्हटलं की त्यांच्या पोटात मुरडा यायचाच. जमादार बाजूला हात बांधून उभे.

"लागलं तेल?"

"न्हाई, साहेब. बाकी समद्या ठाण्याला लावलं. मॅगझीनला मी लावणार न्हाई." तिनं कमरेची चावी सोडली आणि टेबलावर ठेवली. "चावी घ्या."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. दहाला येणाऱ्या मॅडम पावणेनवाला हजर! साहेबांचा रंग उडाला. "जमादार, तुम्ही... तुम्ही सांभाळा," म्हणत ते पोट धरून संडासात घुसले. एरवी ते आतून कडी कधी लावत नसत, ठाणेदाराच्या संडासात शिरायची कुणाची छाती आहे? पण आज बाहेर वरिष्ठ, त्यातही बाई. त्यांनी कडी धाडकन पुढं रेटली.

जमादारांनी चावी उचलली. सतरा वर्षांची सवय, थेट कमरेलाच लावली.

उपअधीक्षक केंद्रे मॅडम बुटक्या, शांत आणि भलत्याच चौकस. त्या आल्या आणि चहा नको म्हणाल्या. "आधी शस्त्रागार बघू."

जमादारांनी ऐटीत कुलपात चावी घातली. चावी फिरेना. तेही कुलूप क्रमात होतं ना! जमादारांनी जोर लावला, दात ओठ खाल्ले, शेवटी एक लाथ घातली तेव्हा ते उघडलं. आत मांडणीपाशी जाऊन मॅडमनी विचारलं, "हे नंबर कशासाठी?"

"नंबर... मोजायला, मॅडम."

"आणि खडू?"

जमादारांनी खडूकडं असं बघितलं, जसं काही ते आत्ता छपरातून पडलेत. "साहेबांच्या... हिशोबाला."

मॅडमनी मान वळवली. दाराशी महामाया उभी होती. "तुम्ही सांगा."

महामायानं सांगितलं. नंबर कशासाठी: एखादं अडलं तर कुठलं अडलं ते कळावं, सगळ्यांवर संशय नको. खडू कशासाठी: ओल पितो. ओठ का चाचपायचे, फरशीवर मॅगझीन पडलं तर का तपासायचं. मॅडमनी नकली गोळ्या मागवल्या, हाताला येईल ते मॅगझीन घेतलं, भरलं, पिस्तुलात सारलं आणि एकेक गोळी ओढून बघितली. खट, खट, खट, खट. चोवीसांतली दहा बघितली, एकही अडलं नाही.

"आत तेल?"

"आत न्हाई, मॅडम. बाहेरून चिंधीला एक थेंब."

"बरोबर." मॅडमनी पहिल्यांदा हसल्यासारखं केलं. "तुमचे निरीक्षक कुठंयत?"

"साहेब राउंडला गेलेत," जमादार घाईनं म्हणाले.

आणि केबिनकडून आवाज आला. धप. धप धप.

"हे काय?"

"शेजारी बांधकाम चालू हाय, मॅडम."

"बरं. मी तोवर रजिस्टरं बघते," म्हणून मॅडम खुर्ची ओढून बसल्या. जमादार केबिनकडं पळाले. मिनिटभरात घामानं डबडबून परत आले आणि महामायाच्या कानाशी लागले. "बाई, चला की. साहेब अडकलेत. कडी निघंना."

केबिनमध्ये जाऊन तिनं संडासाच्या दाराला कान लावला. आतून साहेबांचा घुसमटलेला आवाज आला. "कोण? वाघमारे? अगं, ही कडी! मागं सरकतच न्हाई! मी आपलं तेल बी ओतलं, फळीवरची शिशी सगळी रिकामी केली, तर आता बोटच घसरून राहिलंय!"

महामायाला असं हसू फुटलं की तिनं भिंतीला डोकं टेकवलं. मग सावरली. ठाण्याच्या जीपमधून बाटलीभर डिझेल काढून आणलं, आपला ब्रश घेतला, कोरड्या चिंध्या घेतल्या, आणि सगळं दाराखालच्या वीतभर फटीतून आत सारलं. आईच्या लुगड्याच्या चिंध्या, हिरव्या काठाच्या.

"साहेब, आता मी सांगते तसं करा. घाई करू नका. आधी चिंधीनं वरचं तेल पुसा. समदं."

"पुसलं."

"आता बोट फिरवा. काय लागतंय?"

"चिकट," साहेब म्हणाले.

"कसलं चिकट?"

"डिंकासारखं. पिवळं."

"कशाचं हाय ते, साहेब?"

जमादार छताकडं बघायला लागले.

"ब्रशला डिझेल लावा आणि घासा," महामाया म्हणाली. "जोरात न्हाई, धीरानं. मी दर गुरुवारी अशीच बसती." ब्रशचा खरखर आवाज सुरू झाला. तिचं हसू आता ओसरलं होतं. ती दाराशी खाली फरशीवर बसली आणि हळू आवाजात बोलायला लागली, जमादारांनाही ऐकू जाईल इतपत. "साहेब, माझा भाऊ सुगत पोलिसात हाय. सहा वर्षांखाली वाळूचोरांच्या मागं गेला, नदीत. पुढच्यानं फावडं उगारलं. सुगतनं हवेत दोन गोळ्या झाडल्या, तिसरी वर आलीच न्हाई. मॅगझीनमध्ये तेलाचा आणि धुळीचा चिखल झाला होता, कुणीतरी मायेनं तेल पाजलं होतं त्याला. फावडं हातावर बसलं. दोन बोटं अजून वळत न्हाईत. आता नांदेडात वायरलेसला बसतो, जेवताना घास सांडतो आणि आम्ही बघितलं न्हाई असं दाखवतो. कडी अडकली तर साहेब, तुम्ही आत ऱ्हाता. मॅगझीन अडकलं तर पोरगं घरी येत न्हाई. म्हणून लावलं न्हाई मी तेल. बाकी तुमच्या तेलाशी माझं काय वाकडं न्हाई."

ब्रशचा आवाज थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा हळू.

"आता काय?" साहेबांनी विचारलं. आवाजातला ठाणेदार कुठंतरी गेला होता.

"आता कोरड्या चिंधीनं पुसा. पार कोरडं."

कडी खट्ट करून मागं आली. साहेब बाहेर आले. कडक इस्त्रीचा पार बोळा झाला होता, मिशा खाली आल्या होत्या, अंगाला डिझेलचा वास. आणि केबिनच्या दारातच केंद्रे मॅडम उभ्या, हातात ठाण्याच्या हुकमांची फाईल.

"आलात का राउंडवरून?" मॅडम म्हणाल्या. "हा आदेश तुमचा आहे?" त्यांनी वाचलं, "मॅगझिने इत्यादी सर्व वस्तूंना करडईचे तेल?"

जमादार दोन पावलं मागं सरकले, म्हणजे हुकमाशी आपला काही संबंध नाही असं दिसावं. आता महामायानं नुसतं खरं सांगितलं असतं तरी साहेबांची बदली ठरलेली. कागद होता, सही होती, सहीखाली दोन रेघा होत्या. तो कागद मागून घेताना तिनं याच दिवसाचा विचार केला होता, हेही खरं.

तिनं साहेबांच्या हाताकडं बघितलं. हिरव्या काठाची चिंधी त्यांनी अजून धरून ठेवली होती.

"मॅडम, तो हुकूम क्रमानं होता," ती म्हणाली. "मॅगझीनचा नंबर शेवटी. तिथवर जायच्या आधी साहेबांनी कडीवर स्वतः चाचणी घेतली. आत्ताच. आणि हुकूम मागं घेतला."

मॅडमनी साहेबांच्या कोलमडलेल्या इस्त्रीकडं बघितलं. "स्वतः?"

"हौदू... हाव, मॅडम. स्वतः," साहेब म्हणाले. "लई बारकाईनं."

मॅडमनी फाईल मिटली. जाताना त्या जमादारांच्या कमरेकडं बघून म्हणाल्या, "ती चावी ज्यांची आहे त्यांच्याकडं द्या." जमादारांना गाठ सोडायला मिनिट लागलं. त्यांचं तेलही गेलं आणि तूपही गेलं. चावी हातात परत आली तेव्हा महामायाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तिनं ते डिझेलवर ढकललं.

दुपारी साहेबांनी उरलेला तेलाचा डबा स्वतःच्या हातानं तिच्या घरी पोचवला. चांगुणाबाईंनी त्यांना भाकरी वाढली, पाट्यावरचा ठेचा वाढला आणि ठेच्यावर तेच कच्चं करडईचं तेल सढळ हातानं ओतलं. साहेब घाम पुसत तीन भाकरी जेवले. "तेल गुणाचं हाय बरं का, साहेब," म्हातारी म्हणाली. "फकस्त डबा एकदा घासून बघा." साहेबांनी मुकाट्यानं मान हलवली.

पुढच्या गुरुवारी महामाया हत्यारखोलीत चिंध्या पसरून बसली होती. दारात सावली पडली. साहेब उभे होते, हातात स्वतःच्या पिस्तुलाचं मॅगझीन, एक नंबरचं, बूड उघडलेलं, गोळ्या काढलेल्या. त्यांनी ते दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं, शाळेतलं पोरगं पाटी दाखवतं तसं.

"वाघमारे, बघ बरं. कोरडं झालं का?"

तिनं करंगळी आत घातली, कोपऱ्यापर्यंत फिरवली, बाहेर काढून उजेडात धरली. मिशीच्या तेलाचा एक बारीकसा डाग होता.

एक कोरी चिंधी तिनं त्यांच्या हातावर ठेवली.

"परत पुसा, साहेब," ती म्हणाली.

साहेब शेजारच्या बाकावर बसले आणि पुसायला लागले.